बिशप होण्यापूर्वी पाळक व्हावे लागते

सप्रेम नमस्कार,

आपला मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असून धर्मशास्त्र शिकून बिशप होण्याचा त्याचा मानस आहे, आणि यात भवितव्य आहे का, असे आपण विचारले आहे. बिशपपद, म्हणजे अनेक मंडळ्या (स्थानिक चर्च) मिळून होणाऱ्या धर्मप्रांताचे प्रमुखपद, अर्ज करून मिळत नाही. अनेक वर्षे सेवा केलेल्या दीक्षित पाळकांमधून (पाद्र्यांमधून) चर्च त्यासाठी निवड करते.

अँग्लिकन चर्चचे (इंग्लंडच्या चर्चशी जोडलेल्या पंथाचे) पहिले भारतीय बिशप वेदनायगम सॅम्युएल अझरिया यांचे चरित्र त्याने आवर्जून अभ्यासावे. तिरुनेलवेलीकडील एका खेड्यात १८७४ मध्ये पाळकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. मद्रासला महाविद्यालयीन शिक्षण घेऊन, पदवी न मिळवताच, १८९५ पासून ते वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे चिटणीस म्हणून दक्षिण भारतात फिरले. पुरेसे नाव झाल्यावर १९०९ मध्ये त्यांनी दीक्षा घेतली आणि निजामाच्या राज्यातील डोर्नकल हे ठिकाण निवडले, जिथली भाषा तेलुगू होती आणि यांची मातृभाषा तमिळ. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी परदेशी मिशनऱ्यांकडे उघडपणे बरोबरीच्या मैत्रीची मागणी केली. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यात त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला, आणि १ जानेवारी १९४५ रोजी निधन होईपर्यंत ते डोर्नकलचेच बिशप राहिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माला आणि मादिगा समाजांतील मंडळ्यांना गावोगावी भेटणे आणि त्यांच्यातूनच शिक्षक व पाळक घडवणे, हे त्यांचे मुख्य कार्य होते. माझ्या मते बिशपपदाची खरी ओळख या कामातून होते. झगा आणि हातातला धर्मदंड पाहून ती होत नाही.

आपल्याकडील अँग्लिकन मंडळ्या १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये विलीन झाल्या. दीक्षेसाठी सामान्यतः सेरामपूर सिनेट या धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या संस्थेची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही पदवी घेतात, आणि पुण्यातही धर्मशास्त्राच्या शिक्षणाची सोय आहे. पाळकाचे मानधन बेताचे असते व बदल्याही होतात, हे त्याला स्पष्ट सांगावे. बी.कॉम. मात्र त्याने अर्धवट सोडू नये, कारण धर्मप्रांताच्या शाळा, रुग्णालये आणि मालमत्ता यांचे हिशेब समजणारा पाळक फार उपयोगी पडतो.

पदवीनंतरचे एक वर्ष त्याने आपल्या पाळकसाहेबांबरोबर रविवारची शाळा, आजाऱ्यांच्या भेटी आणि अंत्यविधी यांत घालवावे. त्यानंतरही, बिशपपद कधीच मिळाले नाही तरी आयुष्यभर हेच करायचे आहे, असे तो म्हणत असेल, तर मंडळीची शिफारस घेऊन त्याला धर्मप्रांताकडे पाठवण्यास आपण संकोच करू नये.