वाचकांचे प्रश्न: हट्टी कोपरा, फुटलेला पडदा आणि चौकोनी लेंड्या

प्रश्न: रुबिक क्यूब पूर्ण जुळतो, पण शेवटी एकच कोपरा जागेवर असूनही वळलेला राहतो. सूत्र कितीदाही लावलं तरी तेच. कुठे चुकतंय?

उत्तर: सूत्र बरोबर आहे, क्यूबच बिघडलेला आहे. नुसते थर फिरवून एकट्या कोपऱ्याला जागच्या जागी वळवता येतच नाही. त्याच्याबरोबर आणखी एखादा वळतोच. म्हणजे क्यूब कधीतरी निखळला आणि कुणीतरी अंदाजाने जोडला, किंवा सैल क्यूब घाईघाईने फिरवताना कोपरा पिळला गेला. अंदाजाने जोडलेला क्यूब बारांत एकदाच सुटण्याजोगा निघतो. कोपऱ्यांच्या वळणाच्या तीन शक्यता, कडांच्या उलटेपणाच्या दोन आणि अदलाबदलीच्या दोन, असा तो हिशेब आहे.

क्यूब सैल असेल तर तो कोपरा बोटांत धरून जागेवरच पिळा, रंग जुळेपर्यंत. घट्ट असेल तर वरचा थर 45 अंश फिरवा आणि बाहेर डोकावणाऱ्या दोन रंगांच्या तुकड्याखाली बोथट स्क्रूड्रायव्हर सरकवून तो हळूच उचला. आधी हा कडेचाच तुकडा काढायचा. कोपऱ्याला शेजारच्या कडांनी अडवून धरलेलं असतं, त्यामुळे तो आधी उपटायला गेलात तर आतला पाय मोडतो. कड निघाली की कोपरा सहज सुटतो. तो नीट वळवून बसवा आणि कडेचा तुकडा शेवटी दाबा. एकच कड उलटी असेल किंवा फक्त दोन तुकड्यांची अदलाबदल झाली असेल, तरी इलाज हाच.

हे सगळं करण्याआधी स्टिकर मात्र तपासा. नेहमीच्या क्यूबवर पांढऱ्यासमोर पिवळा, लालसमोर नारिंगी आणि निळ्यासमोर हिरवा रंग असतो. एकाच तुकड्यावर समोरासमोरचे दोन रंग दिसले, तर कुणीतरी स्टिकर उपटून भलतीकडे चिकटवलेत.

प्रश्न: पॅक-मॅनच्या 256व्या पातळीवर अर्धा पडदा का बिघडतो?

उत्तर: 1980 च्या या व्हिडिओ गेममध्ये पातळीचा आकडा मेमरीच्या एकाच छोट्या कप्प्यात, म्हणजे बाइटमध्ये, ठेवलेला आहे, आणि बाइटमध्ये 0 ते 255 एवढंच मावतं. मोजणी शून्यापासून असल्याने 256व्या पातळीला आत 255 लिहिलेलं असतं. पडद्याच्या तळाशी फळांची चित्रं काढणारा प्रोग्रामचा भाग त्यात एक मिळवतो आणि उत्तर 0 येतं. मग तो शून्यातून एक वजा करून पुन्हा 255 वर जातो आणि एकूण 256 वेळा चित्र काढत बसतो. फळांची यादी तर केव्हाच संपलेली असते, म्हणून पुढच्या मेमरीत जे सापडेल तेच चित्र समजून तो उजव्या अर्ध्या भागावर छापतो. पातळी संपवायला 244 ठिपके खावे लागतात, तेवढे आता उरलेलेच नसतात. खेळ तिथेच अडतो.

प्रश्न: समुद्रात सांडलेल्या खेळण्यांच्या बदकांचा शास्त्रज्ञांना उपयोग झाला, हे खरं का?

उत्तर: खरं आहे. जानेवारी 1992 मध्ये हाँगकाँगहून अमेरिकेतल्या टकोमाला निघालेल्या जहाजावरून प्रशांत महासागरात काही कंटेनर पडले. त्यांतल्या एकात 28,800 खेळणी होती: पिवळी बदकं, लाल बीव्हर, निळी कासवं, हिरवे बेडूक. पुठ्ठ्याची पाकिटं भिजून सुटली. खेळण्यांना भोक नसल्याने आत पाणी शिरलं नाही आणि ती तरंगत राहिली. सुमारे दहा महिन्यांनी पहिली खेळणी अलास्कातल्या सिटका इथे लागली. कुठे पडली ते ठाऊक होतं, कुठे व केव्हा सापडली तेही कळत गेलं. त्यावरून सागरशास्त्रज्ञ कर्टिस एबेसमायर यांनी सागरी प्रवाहांचे अंदाज पडताळून पाहिले.

प्रश्न: ऑस्ट्रेलियातल्या वॉम्बॅट या प्राण्याची विष्ठा चौकोनी कशी होते?

उत्तर: गुदद्वार चौकोनी नसतं, आकार आतड्याच्या शेवटच्या भागातच येतो. तिथली भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही. ताठ पट्टे पटकन आकुंचन पावतात, मऊ पट्टे सावकाश, आणि त्या चढाओढीत कोपरे तयार होतात. पाणी जवळपास सगळं शोषलं गेल्याने कोपरे टिकतातही. या शोधाला 2019 चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळालं.