गावात क्लास नाही, तर चार-पाच मित्रांच्या गटात मुलाखतीचा सराव करून खरंच फायदा होतो का?

हो, होतो, फक्त गटातल्या प्रत्येकाला काम वाटून द्या, नाहीतर तासभर नुसत्या गप्पा होतात. दारव्ह्याकडच्या आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी आम्ही हेच करतो. दोघं प्रश्न विचारतात, एकजण मोबाईलवर रेकॉर्ड करतो आणि एकजण उत्तरात किती वेळा 'म्हणजे' आलं ते वहीत रेघा मारून मोजतो. त्या रेघा पाहिल्या की माणूस आपोआप सावध बोलायला लागतो. सगळ्यात जास्त वेळ 'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नाला द्या. आपली पोरं "घरी शेती आहे" एवढं बोलून थांबतात. त्यापेक्षा "चार एकर कापूस आहे, वेचणीच्या मजुरीचा हिशेब मीच ठेवतो" असं सांगा, पुढचा प्रश्न तिथूनच निघतो. बोलण्यात वऱ्हाडी आली तरी लाजू नका, वाक्य मात्र पूर्ण करा. शक्य असेल तर महिन्यातून एकदा बँकेतल्या किंवा शाळेतल्या अनोळखी माणसाला प्रश्न विचारायला बोलवा, मित्रांसमोर भीती वाटतच नाही. एक मात्र बघा: तलाठी आणि पोलीस शिपाई भरतीत मुलाखत नसते, आणि केंद्राच्या गट 'क' पदांची तर 1 जानेवारी 2016 पासून बंद आहे. तुमची जाहिरात आधी नीट वाचा.