प्रीमियम २२ टक्क्यांनी कमी, डिडक्टिबल पाचपट: घ्यावं का?

प्रश्न: आमची चौदा जणांची फर्म आहे. इमारतींमध्ये पाइपलाइन आणि वातानुकूलन यंत्रणा बसवून देतो. व्यवसायाच्या लायबिलिटी विम्याचं, म्हणजे आमच्या कामामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचं, रिन्यूअल आलंय. सध्याचा प्रीमियम १०० धरला, तर डिडक्टिबल, म्हणजे दाव्यातला आम्ही स्वतः भरायचा वाटा, ५० आहे. ब्रोकर म्हणतो, डिडक्टिबल २५० करा, प्रीमियम ७८ वर येईल. १०० केलं तर ८८. गेल्या सात वर्षांत तीनच दावे झाले: ३०, ९० आणि ४०० चे. अडीअडचणीसाठी आमच्याकडे १२० बाजूला आहेत. भागीदाराचं म्हणणं, दरवर्षी २२ वाचत असतील तर विचार कसला करायचा? तुमचं मत काय?

उत्तर: सगळे आकडे प्रीमियमच्या प्रमाणात मांडलेत, त्यामुळे हिशोब सोपा झाला. मत आधी सांगतो आणि मग कारणांकडे वळतो. २५० घेऊ नका. १०० चा विचार करता येईल, पण ब्रोकरकडून काही उत्तरं लेखी आल्याशिवाय नाही.

आधी तुमचीच सात वर्षं पुन्हा जगून बघू. ५० च्या डिडक्टिबलमध्ये तीन दाव्यांपोटी तुमच्या खिशातून गेले ३०, ५० आणि ५०, म्हणजे १३०. डिडक्टिबल २५० असतं तर ३०, ९० आणि २५०, म्हणजे ३७० गेले असते. जादा गेले २४०, आणि प्रीमियममध्ये वाचले सात वर्षांचे १५४. एकूण ८६ चा तोटा. १०० च्या पर्यायात जादा ९० गेले असते आणि ८४ वाचले असते, म्हणजे जवळपास बरोबरी.

आता भागीदाराची बाजू. तो ४०० चा दावा झालाच नसता, तर २५० च्या पर्यायात तुम्ही ११४ ने फायद्यात असता. ही गोष्ट खरी आहे आणि ती झाकून चालणार नाही. फक्त तीन दाव्यांवरून पुढची सात वर्षं कशी जातील हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मी सरासरीपेक्षा दुसऱ्या प्रश्नाला जास्त वजन देतो: तो एक मोठा दावा पुढच्याच वर्षी आला तर पैसे कुठून येणार? तुमच्याकडे १२० आहेत, द्यायचे असतील २५०. उरलेले १३० पगारातून निघतील, पुरवठादारांची बिलं थांबवून निघतील किंवा कर्जातून. दरवर्षी २२ वाचवून ती तूट भरायला सहा वर्षं लागतात. दावा तेवढं थांबत नाही.

तरी डिडक्टिबल वाढवण्याची कल्पना मुळात चुकीची आहे असं समजू नका. विमा कंपनी प्रीमियममध्ये स्वतःचा खर्च आणि नफा धरते, त्यामुळे सहज झेपणाऱ्या छोट्या नुकसानीसाठी विमा घेणं महागात पडतं. केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञांनी १९६३ मध्ये हे गणिताने मांडलं होतं: प्रीमियममध्ये असा जादा भार असेल, तर जोखीम टाळू पाहणाऱ्यासाठी एका ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान स्वतः सोसणं आणि त्यावरचं सगळं विम्यावर टाकणं हीच उत्तम रचना ठरते. भागीदाराला हे जरूर सांगा, त्याचा अंदाज दिशेने बरोबर आहे. ती रक्कम किती असावी, इथे मात्र तुमची शिल्लक बोलते. ती आज १२० आहे.

आता पॉलिसीच्या भाषेकडे, कारण खरी मेख तिथे असते. २५० हा आकडा ऐकताना आपण ‘वर्षाला जास्तीत जास्त २५०’ असं मनात धरतो. बहुतेक पॉलिसींमध्ये तो तसा नसतो. डिडक्टिबल दर दाव्यामागे आहे की दर घटनेमागे, हे आधी बघा. तुमच्या धंद्यात हा फरक फार मोठा आहे. समजा, तुम्ही बसवलेला पाइपचा एक जोड रात्रीत निसटला आणि खालच्या तीन मजल्यांवरच्या तीन भाडेकरूंचं सामान भिजलं. घटना एक, दावे तीन. ‘दर घटनेमागे’ असेल तर तुमचा वाटा जास्तीत जास्त २५०. ‘दर दाव्यामागे’ असेल तर तो ७५० पर्यंत जाऊ शकतो, म्हणजे साडेसात वर्षांचा आजचा प्रीमियम एका जोडापायी. पाण्याशी ज्यांचं काम आहे, त्यांनी हे कलम वाचल्याशिवाय सही करू नये. वर्षभराची कमाल मर्यादा, म्हणजे ॲग्रिगेट, घालून मिळते का हेही विचारा. थोडा जादा प्रीमियम लागला तरी ती घेण्यासारखी असते.

दुसरी गोष्ट बचावाच्या खर्चाची. वकील, तज्ज्ञांचा अहवाल, जागेची तपासणी हा खर्च डिडक्टिबलमध्ये धरतात की नाही? डिडक्टिबल फक्त नुकसानभरपाईला लागू असेल, तर कुणी निराधार दावा केला आणि तो फेटाळला गेला, तर डिडक्टिबलपोटी तुम्हाला काहीच द्यावं लागत नाही. बचावाचा खर्चही त्यात धरला जात असेल, तर तुमची काहीही चूक नसताना पूर्ण २५० वकिलांवर जाऊ शकतात. दोन पॉलिसींचा प्रीमियम सारखा दिसला, तरी या एका ओळीने त्यांची किंमत बदलते.

तुम्ही सोबत जोडलेल्या कोटेशनमध्ये एके ठिकाणी ‘डिडक्टिबल’ लिहिलंय आणि पुढच्या पानावर ‘सेल्फ-इन्शुअर्ड रिटेन्शन’. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरण्यासारखे नाहीत. डिडक्टिबलमध्ये साधारणपणे विमा कंपनी पहिल्या दिवसापासून दावा हाताळते, समोरच्याला पैसे देते आणि तुमचा वाटा नंतर तुमच्याकडून वसूल करते. रिटेन्शनमध्ये ती रक्कम संपेपर्यंत वकील तुम्ही नेमायचा, पैसे तुम्ही द्यायचे. कंपनी त्यानंतर येते. दावे हाताळायला वेगळा माणूस नसलेल्या चौदा जणांच्या फर्मने रिटेन्शनच्या वाटेला जाऊ नये. रिटेन्शन असेल तर तो पर्याय १०० लाही नको. आणि डिडक्टिबल असलं, तरी कंपनी तुम्हाला न विचारता तडजोड करू शकते का, हे बघून ठेवा. डिडक्टिबल २५० असताना २०० ची तडजोड झाली, तर ते सगळे पैसे तुमचे असतात.

तुमची पॉलिसी ‘क्लेम्स-मेड’ आहे की ‘ऑकरन्स’, हेही पत्रात नाही. ऑकरन्समध्ये नुकसान ज्या वर्षी झालं त्या वर्षीची पॉलिसी लागू होते. क्लेम्स-मेडमध्ये दावा ज्या वर्षी आला त्या वर्षीची. म्हणजे क्लेम्स-मेड असेल, तर तीन वर्षांपूर्वी बसवलेल्या यंत्रणेचा दावा पुढच्या वर्षी आला तरी त्याला नवं, मोठं डिडक्टिबल लागेल. जुन्या सगळ्या कामांची जोखीम तुम्ही एका सहीने वाढवून घेता, आणि प्रीमियममधली सूट मात्र एकाच वर्षाची मिळते.

आणखी एक छोटी बाब: डिडक्टिबल एकूण विमा मर्यादेतून वजा होतं का? काही पॉलिसींमध्ये होतं. तुमच्या ग्राहकांच्या करारात किमान मर्यादेची अट असेल, तर हे तपासून घ्या.

डिडक्टिबल कोणतंही ठेवा, एक सवय लावू नका: ‘रक्कम छोटी आहे, आपणच भागवू’ म्हणून घटना न कळवण्याची. डिडक्टिबल मोठं असलं की हा मोह वाढतो. आज ३० ची वाटणारी गळती सहा महिन्यांनी भिंतीतल्या बुरशीपर्यंत पोचते, ग्राहक मोठा दावा लावतो, आणि उशिरा कळवलं म्हणून कंपनी हात वर करू शकते. घटना डिडक्टिबलच्या आतली वाटली तरी लगेच लेखी कळवा.

तर आता ब्रोकरला एकच ईमेल पाठवा: डिडक्टिबल दर घटनेमागे आहे का, बचावाचा खर्च त्याच्या बाहेर आहे का, वर्षाची कमाल मर्यादा मिळते का, आणि कोटेशनमधला ‘रिटेन्शन’ हा शब्द काढून मिळेल का. चारही उत्तरं होकारार्थी आली, तर १०० घ्या आणि वाचणारे १२ दरवर्षी त्या १२० मध्ये टाका. एकही नकार आला, तर या वर्षी ५० वरच राहा. शिल्लक ३०० च्या पुढे गेली की २५० चा पर्याय पुन्हा काढा. तेव्हा भागीदाराच्या बाजूने मी स्वतः बोलेन.