आधी तारीख लिही

पोरी,

"पुढची साथ आली तर उपकेंद्रात कोणती औषधं ठेवू?" असं विचारलंस. औषधांची यादी देणार नाही. साठ्यामागे धावण्यात माझी बरीच वर्षं वाया गेली. तू रजिस्टरमध्ये एक रकाना वाढव: ताप नेमका कोणत्या तारखेला सुरू झाला.

"झाले असतील दोन-चार दिस" हे उत्तर घ्यायचं नाही. तारीख कोणाला आठवत नाही, वार आठवतो. बाजाराच्या आधी की नंतर? त्या दिवशी कापूस वेचायला गेली होती का? एवढ्यात दिवस सापडतो.

फ्लूची ऑसेल्टामिविर (मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस) पहिल्या ४८ तासांत सर्वांत कामाची. रुग्ण गंभीर असेल तर मात्र उशीर झाला म्हणून अडवू नको. डेंग्यूची एनएस-१ ही रक्ततपासणी पहिल्या ५ दिवसांत, आयजीएम ही दुसरी तपासणी त्यानंतर. उलट केलंस की 'निगेटिव्ह' येतं आणि सगळे निर्धास्त होतात. कोविडमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजन लागणाऱ्यांना वाचवलं. साध्या तापातही पहिल्या दिवसापासून सर्रास स्टेरॉइड दिलं, त्यात साखर वाढलेली, आणि २०२१ ला काळी बुरशी आलीच. म्हणून तारीख लिही.

नाका-घशाचा नमुना घ्यायचा स्वॅब नायलॉनचा किंवा डेक्रॉनचा घे, लाकडी काडीचा कापसाचा नको. व्हीटीएमची (विषाणू टिकवणाऱ्या द्रावणाची) नळी घट्ट बंद, २ ते ८ अंशांत, ७२ तासांच्या आत लॅबला. लसीच्या फ्रिजमध्ये नमुना ठेवलास तर माझ्याशी बोलू नको. नळीसोबतच्या फॉर्मवर दोन तारखा हव्यात, ताप सुरू झाल्याची आणि नमुना घेतल्याची. दुसरी सगळेच लिहितात.

एका ठिकाणी तारीखही पुरत नाही, तास लिही. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये आपल्याच नागपूर भागात सापडला. सकाळी तापलेल्या लेकराला संध्याकाळी झटके येतात, दोन दिवसांत जीवही जातो. लस नाही, नेमकं औषध नाही. झटका आला की कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको, १०८ बोलाव, निरोपात ताप चढल्याची वेळ सांग. हा विषाणू पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत दडते. पावसाळ्याआधी भेगा लिंपून घे, शेणाचा ढीग घरापासून लांब हलवायला लाव.

एका रकान्यासाठी हट्ट धरतो म्हणतात. धरतो. तारखेशिवाय आलेल्या तापाचं काय करायचं ते त्यांनी मला सांगावं.

मागच्या महिन्याच्या पानाचा फोटो पाठव. रकाना रिकामा दिसला तर पुढच्या पत्राला उत्तर नाही.