एचबीएवनसी ६.१ आणि सहा महिन्यांचं पॅकेज

ताई, एचबीएवनसी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१, कल्याण ते फोर्ट प्रवास, सतत थकवा आणि ‘आजच भरलंत तर सवलत’ म्हणणारं क्लिनिक. त्यांचं सहा महिन्यांचं डाएट पॅकेज घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. माझं मत: नका घेऊ. (मी डॉक्टर नाही. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवाच.)

साखर, मैदा, कोल्ड्रिंक वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सांगत बसत नाही.

माझाही आकडा ५.७ ते ६.४ मध्येच होता, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. जिथे मी पैसे भरले तिथलं नाव घेत नाही, उगाच नोटीस यायची. तिथल्या बाईंनी मी घरी काय खाते हे विचारलंसुद्धा नाही. चार्ट छापीलच, वर आधीच्या पेशंटचं वजन पेनाने खोडून माझं लिहिलेलं. सकाळी अकराला ॲव्होकाडो, संध्याकाळी सातला किनवा. अहो, सातला मी लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकून मेथी निवडत असते! तसं सांगितलं तर म्हणे, मग आमची शेक पावडर घ्या. तिचे पैसे वेगळे. लेबलवर ज्याचं वजन जास्त तो घटक आधी छापतात, आणि हिच्यात दुसऱ्याच नंबरवर माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर. त्याने रक्तातली साखर झपाट्याने चढते. साखर उतरवायला हे! पैसे परत मागितले तर काउंटरवाली मॅनेजरकडे, मॅनेजर ‘हेड ऑफिसला मेल टाका’वर, आणि मेलला उत्तर नाही ते नाहीच. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत ‘परतावा मिळणार नाही’. तुम्ही ॲडव्हान्स दिला असेल तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावा.

मला फरक पडला तो संध्याकाळच्या खाण्याने. आपण जेवतो दुपारी एकला आणि मग थेट रात्री साडेनऊला. मधली भूक एकतर स्टेशनबाहेरच्या वडापाववर निघते, नाहीतर रात्री भातावर. ऑफिसातून निघण्याआधी मूठभर चणे-शेंगदाणे किंवा डब्यात राखून ठेवलेली मटकीची उसळ खायला लागले, तेव्हा रात्रीचा भात न ठरवता कमी झाला. जेवणावर दहा-पंधरा मिनिटं चालते, पावसात बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये. शेजारी हसतात, हसू देत. आणि भाकरी म्हणजे औषध नव्हे, तीन भाकऱ्यांनीही साखर वाढतेच. नाचणीच्या बिस्किटांचं तर बोलूच नका, पाकीट उलटं करून बघा.

थकवा म्हणताय तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ बघून घ्या. लोह कमी असेल तर एचबीएवनसी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. हे मला त्या क्लिनिकात कुणी सांगितलं नव्हतं, फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं.

आहारतज्ज्ञ हवाच असेल तर महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात केसपेपर काढा. रांगेत अर्धा दिवस जातो, रजा टाकूनच जा. पण मला भेटलेल्या बाईंचा पहिला प्रश्न होता, ‘घरी स्वयंपाक कोण करतं आणि किती वाजता?’ पुढची टेस्ट तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आधी केलीत तर बदल नीट दिसायचा नाही.