सकाळचं डोकं आणि रात्रीची खोली

"मॅडम, उठल्या उठल्या डोकं दुखतं. डोक्यात गाठ असली की असंच होतं ना?"

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्यातल्या एका ताईंची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून सांगते.

वय ५२, पतसंस्थेत नोकरी. पहिल्या दिवशी आल्या तेव्हा कपाळावर सुंठीच्या लेपाची वाळलेली कड तशीच होती. घाईत धुवायची राहिली असावी. वर्षभर जवळजवळ रोज सकाळी डोकं जड, दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं. आधी पित्त म्हणून कोकम सरबत, मोरावळा झाला. मग शेजारच्या गल्लीतल्या एका बाई मेंदूच्या गाठीने गेल्या आणि ताईंची रात्रीची झोपच उडाली.

डॉक्टरांनी तपासलेलं नसेल तर मी समुपदेशन सुरू करत नाही. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी तर आधी डॉक्टरांनीच पाहायला हवी. सोबत उलट्या, नजर धूसर होणं, हातापायातली ताकद जाणं, फिट येणं, खोकल्यावर किंवा वाकल्यावर कळ वाढणं, ताप येऊन मान आखडणं, यातलं काही असेल तर थांबूच नये. आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी मिनिटभरात टिपेला गेली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

ताईंचा एमआरआय झाला होता, स्वच्छ होता. तरी मन मानत नव्हतं. "मशीनला दिसली नसेल तर?" असं म्हणायच्या. रक्तदाब मात्र वाढलेला होता आणि दोन गोळ्या घेऊनही हवा तसा खाली येत नव्हता. घरच्यांनी निष्कर्ष काढला की सगळं टेन्शनचं आहे, आणि त्यांना माझ्याकडे पाठवलं.

मीही सुरुवातीला तिकडेच गेले. तीन भेटी आम्ही भीतीवर बोललो, श्वासाचे व्यायाम केले. मन थोडं हलकं झालं, डोकं तसंच राहिलं. मग मी त्यांना वहीत रोजच्या चार ओळी लिहायला सांगितल्या: झोपायची वेळ, रात्री किती वेळा उठलात, सकाळी डोकं कसं होतं, गोळी कधी घेतली.

त्या वहीतून गोळ्यांचा हिशेब बाहेर आला. महिन्याला २६ गोळ्या, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. साधी वेदनाशामक महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीच डोकेदुखी टिकवायला लागते. अशी दुखी बऱ्याचदा सकाळीच उभी असते, कारण आदल्या गोळीचा अंमल रात्रीत उतरलेला असतो. ताईंचा गोळीवर पूर्ण विश्वास होता. सहाला घेतली की नऊपर्यंत डोकं उतरायचं. पण दोन वेळा गोळ्या संपल्या होत्या, त्या दिवशीही नऊलाच उतरलं होतं. हे त्यांनीच लिहिलं होतं, लक्षात मात्र आलं नव्हतं.

दुसऱ्या रकान्यात होतं: रात्री तीनदा लघवीला उठले, घशाला कोरड.

मी विचारलं, "ताई, तुम्ही घोरता का?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "डॉक्टरांनीही विचारलेलं. पण शेजारी दीर बसले होते. नाही म्हणून सांगितलं."

सहा वर्षांपूर्वी एका लग्नात, कार्यालयाच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या गाद्या एकत्र घातल्या होत्या. सकाळी चहाच्या वेळी ताईंच्या यजमानांनी त्यांच्या घोरण्याची नक्कल केली आणि सगळे पोट धरून हसले. त्या दिवसापासून ताई देवघराच्या खोलीत दार लावून झोपतात. मुक्कामाच्या लग्नांना जात नाहीत. एसटीत डुलकी लागू नये म्हणून तोंडात लवंग ठेवतात.

पुरुष घोरला तर घरात थट्टा होते आणि विषय संपतो. बाईला त्याची लाज वाटायला लावतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये झोपेत श्वास अडण्याचा त्रास वाढतो, आणि नेमक्या त्याच वयात त्या तो लपवतात. एकट्या झोपणाऱ्या बाईचा श्वास थांबतोय हे पाहणारं तर कुणीच नसतं.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचे इतके की श्वासाची वाटच मिटते, दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, घुसमटल्यासारखा श्वास येतो आणि पुन्हा डोळा लागतो. माणसाला यातलं काही आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. यातली डोकेदुखी बहुधा दोन्ही बाजूंना दाबल्यासारखी असते आणि उठल्यावर चारेक तासांत उतरते. आटोक्यात न येणारा रक्तदाबही याच्या जोडीने येतो.

दिवाळीला मुलगी माहेरी आली होती. ताईंनीच तिला शेजारी झोपवलं. तिने मोबाइलवर आवाज टिपला, आणि मधली शांतता मोजताना घाबरून आईला हलवलं. तेवढा आवाज डॉक्टरांना पुरेसा होता. रात्रभराची झोपेची तपासणी झाली, तासाला तीसच्या वर वेळा श्वास अडत होता. हे तीव्र समजतात. वेदनाशामक डॉक्टरांच्या देखरेखीत बंद केली. पहिला आठवडा डोकं जास्तच दुखलं. तसं होतं हे आधी माहीत होतं, म्हणून त्या टिकल्या.

उपाय होता सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन. त्याचा मास्क मात्र सहज स्वीकारला गेला नाही. "हे लावून ह्यांच्यासमोर कशी झोपू?" यावर आमच्या दोन भेटी गेल्या. तिसऱ्या भेटीला मी यजमानांना बोलावलं आणि तो मोबाइलवरचा आवाज ऐकवला. ते गप्प बसून राहिले. मग बायकोकडे न बघताच म्हणाले, "तू आपल्या खोलीत ये. मशीन मी लावून देतो."

प्रत्येक सकाळच्या डोकेदुखीचं कारण हेच असतं असं नाही. रात्री दात खाणाऱ्यांची कानशिलं आणि जबडा सकाळी ठणकतो. नैराश्यातही पहाटे जाग येते ती जड डोक्यानेच. दिवसभर चहा-कॉफी पिणाऱ्याचा चहा अचानक सुटला तरी डोकं दुखतं. आणि घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखत असेल, बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर उतरत असेल, तर आधी दारं-खिडक्या उघडून बाहेर पडा. बंद खोलीतली कोळशाची शेगडी किंवा बंद न्हाणीघरातला गॅस गिझर यांच्या विषारी वायूला वास नसतो.

ताईंचं डोकं दोन महिन्यांत बरंचसं थांबलं. गाठीची भीती अजून अधूनमधून येते, त्यासाठी त्या भेटतात. गेल्या कार्तिकीला भजनी मंडळाबरोबर पंढरपूरला निघाल्या होत्या. जाण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी त्यांनी स्वतः फोन करून विचारलं, "भिंतीकडेची जागा द्या. माझं मशीन आहे, जवळ प्लग लागेल."