छोट्या विमानाच्या इंजिनाला पर्यायी एअर फिल्टर बसवण्यापूर्वी
फिल्टर घट्ट बसला एवढ्यावर समाधान मानू नका. जुना आणि नवा फिल्टर आळीपाळीने लावून, एकाच दिवशी, चाकांना अटकाव घालून व विमानाचे शेपूट बांधून पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मोजा, कारण ते घटले तर नवा फिल्टर हवा अडवतो आहे. गोव्यातली जांभ्याची लाल धूळ तेल लावलेला कापडी फिल्टर चांगली धरतो. कागदी फिल्टर मात्र पावसात भिजला की इंजिन गुदमरू शकते, म्हणून फिल्टर वगळून काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आतली हवा घेणारी झडप अवश्य ठेवा. माझ्या फिल्टरच्या क्लॅम्पचा स्क्रू कंपनाने दीड फेरा सैल झालेला एकदा सापडला. तेव्हापासून मी सेफ्टी वायर (स्क्रू फिरू नये म्हणून बांधायची तार) घालतोच. फिल्टरच्या पुढे, कार्ब्युरेटरच्या (हवेत इंधन मिसळणाऱ्या भागाच्या) बाजूला, सुटू शकेल असा एकही रिव्हेट नको, तो थेट इंजिनात ओढला जाईल.